केसांखालची जागा

परिचारिकेने "हं, आता" म्हणताच आईने चादरीचं टोक उचललं आणि दोघींनी मिळून लेकीला कुशीवर वळवलं. तिला हाताने धरायची सोयच उरली नव्हती. जिथे हात लागे तिथली कातडी ओल्या कागदासारखी सुटून येई. डोळ्यांवर पट्ट्या होत्या, ओठ फुटले होते. केसांखालची जागा तेवढी शाबूत होती.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी आईला बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसले.

"रक्तात पहारा देणाऱ्या पेशी असतात, जंतू मारणाऱ्या. गोळी पोटात गेली आणि हिच्या पेशींना हिचीच कातडी परकी वाटायला लागली. त्या तिच्यावरच तुटून पडल्या. गोळी केव्हाच बंद केली, पण त्या थांबायचं नाव घेत नाहीत. आता मूत्रपिंडंही थकलीत. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

"पण मला त्याच गोळीने आराम पडला होता हो."

"तुमच्या पेशी गप्प बसल्या. हिच्या नाही बसल्या."

उरलेल्या गोळ्या फेकून द्यायला आईचा जीव होत नसे. बिस्किटांच्या जुन्या डब्यात तिने सगळी पाकिटं जपून ठेवली होती. घरात कोणी शिंकलं की डबा उघडलाच. लेक तिला 'बिनपदवीचा दवाखाना' म्हणून चिडवायची आणि मुकाट्याने हात पुढे करायची. लघवीला जळजळ होतेय म्हणाली तेव्हाही तसंच झालं. आईने गोळी तिच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

"नीट बोलता येत होतं तेव्हाच तिने सांगितलं मला," डॉक्टर पुढे म्हणाले. "'आई घरी नव्हती, मीच डबा उघडला. आईला विचारलं असतं तर तिने दिलीच नसती,' म्हणाली."

आईने आपल्या तळहाताकडे पाहिलं. डॉक्टर उठून आत गेले.

हातमोजे चढवून ती पुन्हा खाटेपाशी आली तेव्हा लेक जागी होती.

"काय म्हणाले?" तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"पेशींची चूक आहे म्हणाले."

"बघ."

आईला राहवेना. "अगं, मीच दिली होती तुला. माझ्या या हाताने."

लेकीचा श्वास वाजत होता.

"तुला हल्ली काही आठवत नाही, आई. तू घरी कुठे होतीस?"

ओरडून रडावं असं आईला वाटलं. तिने हातमोजा नीट ओढून घेतला आणि जिथे ठेवता येत होता तिथे, लेकीच्या केसांत, हात ठेवला.

"हो गं," ती म्हणाली. "भाजी आणायला गेले होते."