सव्वा फेरा

नॉर्वेतल्या स्टावांगरच्या त्या नळ्या जोडायच्या कारखान्यात एक कायदा होता. ज्याचा जोड गळेल, त्याने शुक्रवारच्या कॉफीला स्वतःच्या हाताने केक करून आणायचा. बायकोने केलेला चालत नसे. एगिलचे जोड इतके गळत की त्याच्या दालचिनीच्या केकला शेजारच्या कारखान्यातूनही लोक येत. तोर्लेइव्हने मात्र एकतीस वर्षांत एकदाही केक आणला नव्हता.

त्याचा मंत्र साधा होता. नट आधी हाताने आवळायचा, मग पान्याने सव्वा फेरा. कमी दिला तर गळेल, जास्त दिला तर आतली कडी चेपून गळेल. हे ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

निवृत्तीला चार दिवस उरले आणि त्याचा शेवटचा जोड हाती आला.

"जपून रे," एगिल म्हणाला. "केकचा साचा देऊ का उसना?"

"ठेव तुझ्याकडेच. तुला रोज लागतो."

तोर्लेइव्हने सव्वा फेरा दिला आणि पाना खाली ठेवला. पण मनात पाल चुकचुकली. एकतीस वर्षं सांभाळलं आणि नेमका शेवटी घात झाला तर? इकडेतिकडे बघून त्याने हळूच आणखी अर्धा फेरा दिला.

नळीत पाणी भरून दाब सातशे बारवर नेला. कारखान्याची प्रमुख गुन्व्होर जाड काचेमागून जोडाखालच्या कोऱ्या कागदावर नजर लावून बसली. सहाव्या मिनिटाला कागदावर ठिपका पडला.

"किती दिलास?"

खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती. "पावणेदोन."

"तू?"

"भीती वाटली गं."

एगिल साचा आणायला गेला.

शुक्रवारी केक आला. सुरी काही आत जाईना, तेव्हा एगिलने लोखंड कापायची करवत धुऊन आणली. गुन्व्होरने एक तुकडा बराच वेळ चावला आणि वर कॉफीचे तीन घोट घेतले.

"आयुष्यातला पहिलाच ना हा?"

"दुसरा. लग्न झाल्यावर एक केला होता, त्यात सासूचा दात गेला. तेव्हाच ठरवलं, आपला जोड कधी गळू द्यायचा नाही."

सगळे खो-खो हसले आणि त्यांनी शेवटच्या कणापर्यंत केक कॉफीत बुडवून संपवला. रिकाम्या ताटलीकडे बघता बघता तोर्लेइव्हचे डोळे भरून आले. एगिलने खिशातून कोरा कागद काढला आणि त्याच्या हनुवटीखाली धरला.