डाव्या हातातल्या बांगड्या

नूपुरने हाताच्या व्यायामाचा शनिवारचा वर्ग सुरू केला तेव्हा हौसेत काही कसर ठेवली नव्हती. छत्तीसगडहून नागपूरला बांधकामावर आलेल्या आणि स्तनाच्या कॅन्सरातून उठलेल्या बायांसाठी हा वर्ग होता. धंतोलीच्या दवाखान्यातला हॉल त्यांना परका वाटू नये म्हणून तिने पत्रक त्यांच्या बोलीत करून घेतलं, त्यांच्याकडच्या ठेठरी-खुरमीचा खाऊ मागवला, भिंतीवर धानाच्या शेताचं चित्रसुद्धा टांगलं. स्वतःवर बाई भलतीच खूश होती. पत्रकात तिसऱ्या पानावर एक ओळ होती, ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजू शकतो, त्यात बांगडी घालू नये. तीही तिने महिनाभराने एका शनिवारी खणखणीत आवाजात वाचून दाखवली.

त्यानंतर तीन शनिवार वर्गातली कौसल्या फिरकलीच नाही.

चौथ्या शनिवारी आली ती डावा हात पदराखाली झाकून. नर्सने पदर सारला. हात सुजून टम्म झाला होता, कातडी लालबुंद, आणि पाच हिरव्या बांगड्या मांसात रुतलेल्या.

"आजच फोडाव्या लागतील," नर्स म्हणाली. "उद्यावर टाकलं तर हात हातचा जाईल."

"नाही फोडू देत." वीस वर्षं नागपुरात काढलेल्या कौसल्याने हात छातीशी ओढून घेतला. "पंकजचे बाबा दहाव्या माळ्यावर परांचीवर उभे आहेत, मॅडम. अन् मी इकडं बांगड्या फोडू? तुमी काहून असं सांगता?"

नूपुरने तिच्या मनगटाकडे पाहिलं. बांगड्यांच्या खाली गोंदलेली वेलबुट्टी होती, हिरवी, गोल.

"ही आहे ना गोंदलेली बांगडी! ही तर कधीच उतरत नाही," ती म्हणाली. तिला वाटलं, सुटलं कोडं.

"ते मायनं गोंदवलं. मायचं ते मायचं. ह्या त्यायच्या नावाच्या आहेत."

नूपुरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिला महिनाभर दर शनिवारी तिने सूज बघायला हाच हात टेपने मोजला होता आणि आकडे तेवढे लिहून घेतले होते. ती कौसल्याशेजारी जाऊन बसली. मग म्हणाली, "तुम्हीच सांगा कौसल्याबाई, काय करू या?"

 कौसल्याने कमरेचा मोबाइल काढून नवऱ्याला, ईश्वरदासला फोन लावला. बोलणं त्यांच्या बोलीत होतं, पण हॉलमधल्या सगळ्यांना समजलं. आधी खाली उतरा. कारण नंतर सांगते, आधी उतरा. त्याची शिडीवरची धाप स्पीकरवर ऐकू येत होती. उतरलात? आता बसा. विटांवर नको, जमिनीवर.

"बसले," ती नर्सकडे वळून म्हणाली. "जमिनीवर बसलेला माणूस कुठं पडते? फोडा आता."

नर्सने बांगडीखाली कापडाची पट्टी सरकवली आणि जपून पक्कड दाबली. पाच वेळा काच तडकली. कौसल्याने डोळे मिटले नाहीत, पाणी मात्र थांबत नव्हतं.

झालं का, चढू का आता, ईश्वरदास विचारत होता.

कौसल्याने रिकाम्या मनगटावरून हात फिरवला. अजून नाही, ती म्हणाली, थोडं बसून राहा.

पलीकडे मुकादम शिव्या घालत होता. ईश्वरदास काही उठला नाही.