नोंदीत जाणार नाही

लघुलेखिकेने वहीचं पान उलटलं, पेन झटकलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून वर गॅलरीकडे पाहिलं. पहिल्या रांगेत आई बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

सभागृहात आज नुसती घाई होती. सत्ताधाऱ्यांनी अधिवेशनाच्या सुरुवातीला अग्रक्रमाच्या सतरा कायद्यांची यादी वाजतगाजत जाहीर केली होती. सोळा झाले होते. दुपारी तीनला देशाच्या प्रगतीवर निवेदन व्हायचं होतं आणि त्यात 'सतरापैकी सतरा' हे शब्द हवेच होते. उरलेला सतरावा कायदा खोदकामाच्या चरांबद्दल होता. माणसाच्या उंचीपेक्षा खोल चर खणायचा तर दोन्ही बाजूंना आधाराच्या फळ्या लावायच्या, एवढंच. एवढंसं सुचायला अकरा वर्षं लागली, हे काही यादीत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी पाण्याची पाइपलाइन टाकायला खणलेल्या अशाच एका चरात लघुलेखिकेचा धाकटा भाऊ गाडला गेला. पेपरात आलं, 'एक मजूर ठार'. चौकशीच्या अहवालातही 'एक मजूर'च. आईने ते दोन्ही कागद जपून ठेवले होते आणि त्यांच्यावरचा तिचा राग काही केल्या जात नव्हता.

"पुतळा नको की काही नको," ती म्हणायची. "माझ्या लेकाला नाव होतं. तेवढं कुठेतरी लिहा म्हणावं."

हा कायदा लावून धरणाऱ्या दाढीवाल्या सदस्याने मग तिला शब्द दिला होता. "आजी, माझं भाषण तुमच्या मुलाच्या नावानेच सुरू होईल. इथे बोललेलं कायमचं छापलं जातं."

पावणेतीनला सत्ताधाऱ्यांचा प्रतोद बाकांमधून वाट काढत आला आणि दाढीवाल्याच्या कानाशी वाकला. लघुलेखिकेचं टेबल तिथून दोन हातांवर.

"भाषण राहू द्या हो. कायदा होतोय ना? मग झालं तर!"

"दोनच मिनिटं. शब्द दिलाय मी."

"तुम्ही दोन घ्याल, विरोधक वीस घेतील. हातातोंडाशी आलेला घास घालवू नका."

दाढीवाल्याने हातातल्या कागदाची घडी केली, तिची आणखी एक घडी केली आणि कागद खिशात घातला. गॅलरीकडे त्याने पाहिलं नाही.

विधेयक मिनिटभरात संमत झालं. 'होय'चा गजर झाला, बाकं वाजली. लघुलेखिकेने ते लिहून घेतलं. चांगला कायदा झाला होता, उद्यापासून कुणाचा तरी भाऊ वाचणार होता, आणि तिला मात्र नुसता संताप आला होता. पुढची ओळ कोरी होती. नोकरीच्या बावीस वर्षांत सभागृहात न बोललेला एकही शब्द तिने लिहिला नव्हता. आज भावाचं नाव लिहायला हात शिवशिवला. तिने पेन टेकवलंसुद्धा.

तेवढ्यात वरून आवाज आला. आई कठड्याला धरून उभी राहिली होती. तिने मुलाचं नाव घेतलं. त्याचं, बापाचं आणि आडनाव, शाळेत हजेरी घेतात तसं खणखणीत.

"चरात गेला तो माझा मुलगा. 'एक मजूर' नाही!"

मार्शल धावले. गॅलरीतला शब्द लिहायचा नसतो, हे लघुलेखिकेला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आई बोलत होती आणि लेक पेन उचलून गप्प बसली होती.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. नियमात बसत नसेल तर हा गृहस्थ शिंकसुद्धा आवरतो, अशी त्यांची ख्याती.

"प्रेक्षकांना इथे बोलायचा अधिकार नाही. गॅलरीतून..." ते थांबले. चष्मा काढून त्यांनी वर पाहिलं, मग खाली, लघुलेखिकेच्या थांबलेल्या हाताकडे. "गॅलरीतून एका आईने आपल्या मृत मुलाचं नाव घेतलं."

आणि ते नाव अध्यक्षांनी स्वतः उच्चारलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, लिहून घेता येईल इतकं सावकाश.

"त्यांचं हे बोलणं नोंदीत जाणार नाही. पुढचं कामकाज."

अध्यक्षांचा एकही शब्द गाळायचा नाही, हाही पहिल्याच दिवशीचा नियम. ती लिहीत गेली.

संध्याकाळी नोंदींच्या तपासनीसाने तिने टाइप केलेलं पान वाचलं आणि लाल पेन उघडलं.

"हे नाव?"

"अध्यक्ष बोलले."

त्याने ओळ पुन्हा वाचली. "हं. नाव काढलं तर आदेश कशाबद्दल होता तेच कळायचं नाही." त्याने पेनाचं टोपण लावलं.

आई बाहेर पायऱ्यांवर बसून होती.

"तुझ्या नोकरीवर तर नाही ना आलं गं? तोंडातून निघूनच गेलं बघ. आणि उपयोग काय? नोंदीत जाणार नाही म्हणाले."

"हो, म्हणाले तसं."

लघुलेखिका शेजारी बसली आणि पानाची प्रत तिने आईच्या हातात दिली. आईने पर्समधून चष्मा काढला. ओळींखालून तिचं बोट सरकत गेलं, एका जागी थांबलं, आणि बराच वेळ हललं नाही.

"आडनावही आहे," ती म्हणाली.