पदराखालचे केस

संध्याला कीर्तन तोंडपाठ होतं. भाकऱ्या थापताना म्हणून झालं होतं, कपडे वाळत घालताना म्हणून झालं होतं. शब्दांची तिला भीती नव्हती. भीती होती ती डोक्यावरच्या पदराची.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. गेल्या एकादशीला बोनकोड्याच्या देवळात महिला मंडळापुढे तालीम होती. तिसरं चरण आलं, टाळकरणींनी ते उचलून धरलं आणि संध्याने झोकात दोन पावल्या टाकल्या मात्र, तिचा अंबाडा सुटला, पदर खांद्यावर उतरला आणि केसांतला मोठा चाप उडाला तो थेट मृदंगावर. ‘धिं’ असा आवाज आला.

“वयनीनं सम साधली गं!” टाळकरणींत सगळ्यात पुढे उभी असलेली तिची नणंद सखू ओरडली.

बायका हसल्या, मृदंगवाला हसला, आणि समोरचा विठोबाही गालात हसतोय असं संध्याला वाटलं. त्यात चौथं चरण जे डोक्यातून गेलं ते काही परत आलं नाही. हात जोडून ती खाली बसली.

आता उद्या संध्याकाळी सप्ताहात सगळ्या गावासमोर तिचं पहिलं कीर्तन. पुन्हा पदर पडला की पुन्हा आपण विसरणार, हे तिने मनाशी पक्कंच करून टाकलं होतं. म्हणून आज सकाळीच ती कोपरखैरण्याला राजेश्वरीच्या पार्लरमध्ये आली. सोबत सखू, न बोलावता.

“मी नुसती बघाला आलंय,” सखू म्हणाली आणि खुर्ची ओढून पुढेच बसली.

संध्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. “असे पायजेत. सरळ, पट्टी लावून आखल्यासारखे. नाचताना पदर पडाला नको.”

राजेश्वरी मूळची साताऱ्याकडची, बोलायला रोखठोक. तिने संध्याच्या डोक्याला हात लावला आणि तो रुमालाला पुसला. “काकू, तेल किती घातलंय?”

“उद्या कीर्तन हाय. चांगल्या कामाला कोरड्या डोक्यानं यावं का?”

“पापड तळून निघतील एवढं हाय,” सखू म्हणाली.

केस दोनदा धुतले. टॉवेलने खसाखसा न पुसता राजेश्वरीने ते जुन्या सुती ओढणीत नुसते दाबले आणि वाळू दिले. तीस वर्षं तेलाखाली चेपून ठेवलेले संध्याचे केस हळूहळू वळणं घेत वर आले.

“खाडीला भरती आली!” सखूने जाहीर केलं.

राजेश्वरीने अजून कात्री उचलली नव्हती. “उभ्या ऱ्हावा काकू. नेहमीसारखा अंबाडा घाला, पदर घ्या आणि उद्या जशा नाचणार तशा नाचा.”

“इथं?”

“बसलेल्या माणसाचे केस शहाण्यासारखेच वागतात. मला ते नाचताना बघायचेत.”

सखूने लगेच पर्समधून टाळ काढले.

“पर्समध्ये टाळ?” राजेश्वरी बघतच राहिली.

“लोक लिपस्टिक ठेवतात, मी टाळ ठेवतंय.”

दुसऱ्याच पावलीला पदर घसरला. संध्या रडवेली होऊन खाली बसली.

“हे बघा,” राजेश्वरी म्हणाली, “अंबाडा जड, तो खाली ओढतोय. एरवी वरून तेलाचा गुळगुळीतपणा. त्यात केस सरळ केले की संपलंच, काचेवर साडी टाकल्यागत होईल. पदर धरून ठेवतील त्या या लाटाच, आणि तुम्ही त्यांनाच मारायला निघालाय.”

मग कात्री चालली, तीही कोरड्या केसांवर. एकेक बट न ताणता, जशी पडेल तशी हातात धरून राजेश्वरी वळणाच्या शेवटी कापत होती. “ओले ताणून कापले की वाळल्यावर वर चढतात,” ती म्हणाली, “आणि मग गिऱ्हाईक मला वळख देत नाय.” खालचं ओझं तिने पायऱ्यापायऱ्यांनी हलकं केलं, लांबी खांद्याच्या जरा खाली ठेवली, आणि पुढच्या दोन बटा गालाच्या हाडापर्यंत सोडल्या.

“तोंड पुरनपोळीसारखं गोल हाय म्हनून ना?” सखूने विचारलं.

हसू दाबताना राजेश्वरीचे खांदे हलले. केस पुन्हा जरासे ओले करून तिने बोटभर क्रीम लावलं आणि लाडू वळावेत तसे ते मुठीत दाबले. “आता वाळेस्तोवर हात लावायचा नाय. उद्या एवढंच करायचं. कंगवा मोठ्या दातांचा, तोही ओल्या केसांतच.” वाळल्यावर वरचे थोडे केस मागे घेऊन तिने छोटा चाप लावला.

संध्याने आरशात पाहिलं. तिच्या आईचे केस अगदी असेच होते. शेतात वाकली की ते पुढे यायचे आणि आई चिखलाचा हात न लावता कोपरानेच ते मागे सारायची.

“घ्या पदर,” राजेश्वरी म्हणाली.

तिसरं चरण, दोन पावल्या, चार, सहा. डोक्याला मेंदी थापून कोपऱ्यात बसलेली बाई टाळ्या वाजवू लागली. पदर जागचा हलला नाही, आणि चौथं चरण कधी येऊन गेलं ते संध्याला कळलंही नाही.

“एवढे कापले, आनि वर पदर!” परतताना सखू म्हणाली. “कोनाला दिसनार ते?”

“ज्याला दिसायला पायजेत त्या विठोबाला पदराआडूनही दिसतात,” संध्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. तिसरं चरण आलं. सखूचं लक्ष टाळात नव्हतंच, डोळे वहिनीच्या पदराला चिकटलेले. संध्याने पावली टाकली. पदर राहिला. आणखी दोन टाकल्या, तरी राहिला! सखूला असा काही आनंद झाला की तिने उंच उडीच घेतली. तिचा स्वतःचा पदर घसरला, टाळांच्या दोरीत गुंतला, ठेका चुकला. सगळ्या मंडपाने पाहिलं.

संध्याने हात वर करून मृदंग थांबवला.

“माऊली,” ती म्हणाली, “माणसाचं असं असतं बघा. दुसऱ्याच्या पदरावर नजर ठेवून बसतो, आणि आपला कवा पडला ते त्याला कळत नाय.”

मंडप हसून गदगदला. सगळ्यांत मोठ्याने हसली ती सखू. पदर सावरत ती पुटपुटली, “वयनी, हे पाठ नव्हतं तुझं!”

“नव्हतं,” संध्या म्हणाली, आणि तिने चौथं चरण उचललं.