पाटलाच्या रक्ताच्या आठ रेघा

तलवाड्याचे सुंदरराव पाटील आपल्या दुखऱ्या गुडघ्याचं जेवढं कौतुक करायचे, तेवढं पोटच्या लेकीचंही कधी केलं नाही. पारावर बसले की गुडघा धरून कण्हायचे, आणि समोरचा "लई दुखतंय का, पाटील?" असं म्हणेपर्यंत कण्हणं थांबायचं नाही.

त्यांच्याच शेतात कापूस वेचणाऱ्या कडूबाईची बोटं मात्र सकाळी दोन-दोन तास मुठीत वळत नसत. सांधे बोरासारखे सुजलेले, हात लावला तर गरम. तिला पाटील म्हणायचे, "सोंग करतीस. येचायचा कंटाळा, दुसरं काय?"

निजामाच्या राज्यातल्या फसली तेराशे पंचेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीसच्या हिवाळ्यात हैदराबादेत शिकलेल्या डॉक्टर मोहनरावांनी गेवराईच्या वाटेवर दवाखाना थाटला. एके दिवशी पाटील बैलगाडीत गादी टाकून तिथं गेले. कडूबाई पायी आधीच पोचली होती.

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं, दंडातून रक्त काढलं आणि दोन बारीक काचेच्या नळ्यांत भरून त्या उभ्या केल्या. नळीवर वरून खालपर्यंत रेघा होत्या. तासभरात लाल गाळ किती रेघा खाली बसतो, ते मोजायचं होतं. पाटील तो तासभर आपल्या नळीकडे शर्यतीतल्या बैलाकडे बघावं तसे बघत होते.

तास भरल्यावर कंपाउंडर गहिनीनाथनं मोठ्यानं वाचलं, "कडूबाई, ब्याण्णव. सुंदरराव पाटील, आठ."

"आठ?" पाटील ताडकन उभे राहिले. गुडघ्यानं तेवढ्यापुरती काही तक्रार केली नाही. "आमचं पाटलाचं रगत, अन् कावून आठ? नळ्या बदलल्या असतील!"

"पाटील, ह्यात कमी ते चांगलं," डॉक्टर म्हणाले. "अंगात दाह असला की रक्तातले लाल कण भाकरीच्या चवडीसारखे एकमेकांवर चिकटतात. जड होतात, भराभर खाली बसतात. या बाईच्या सांध्यांत आग आहे. तुमचा गुडघाही दुखतो, खोटं नाही; पण तो झिजलाय, आणि वर तुमचं वजन."

"म्हंजी माझं सोंग न्हाई?" कडूबाईनं हळूच विचारलं.

"नाही बाई. पण नुसत्या आकड्यावर मी रोग ठरवत नाही. तापानं चढतो, क्षयानं चढतो, अंगात रक्त कमी असलं तरी चढतो. म्हणून तर तुमची बोटं पाहिली, छाती तपासली." त्यांनी तिला औषध दिलं, सुजलेल्या सांध्यांना विसावा द्यायला सांगितलं.

एवढ्या बोलण्यातून पाटलांच्या कानात एकच गोष्ट शिरली: मजुरणीचा आकडा आपल्यापेक्षा मोठा. डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे वळताच त्यांनी गहिनीनाथला बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी तुपाचा एक डबा गहिनीनाथच्या घरी पोचला आणि एक कागद पाटलांच्या घरी आला. कागदावर एकशे चार लिहिलं होतं.

"ब्याण्णव काय घेऊन बसलात!" पाटील पारावर कागद फडकवायचे. "अख्ख्या तालुक्यात एवढा आकडा कुनाचा न्हाई." लोक माना डोलवायचे. पाटलाचं सगळंच मोठं असतं, हे गावाला ठाऊकच होतं.

पुढच्याच आठवड्यात उमापूरचे आप्पाराव आपल्या मुलासाठी पाटलांची लेक बघायला आले. पोहे झाले, चहा आला, आणि पाटलांना राहवलं नाही. त्यांनी कागद काढून पाहुण्यांच्या हातात दिला.

आप्पारावांनी वाचला. कप खाली ठेवला. मग सतरंजीवरून सरकत सरकत पार दाराजवळ जाऊन बसले आणि उपरण्यानं नाक-तोंड झाकलं.

"काय झालं, पाव्हणं?"

"आमच्या थोरल्या भावाचं रगत त्याच दवाखान्यात बघितलं होतं," उपरण्यातून आवाज आला. "शंभर निघालं. क्षयानं गेला तो. येतो आमी."

पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. "आवं, खोटं हाय ते! माझं आठच हाय, खरं आठ! तूप देऊन लिहून घेतलंय!"

आप्पारावांचा विश्वास बसेना. शेवटी दोघंही दवाखान्यात गेले. एक गाडीत, दुसरा गाडीपासून वीस हात मागं. डॉक्टरांनी पुन्हा नळी उभी केली. या वेळी पाटील तासभर गाळाला थांबवत होते, "बस की आता, बस तिथंच," असं पुटपुटत. आकडा नऊ आला. डॉक्टरांनी तो कागदही पाहिला, अक्षर ओळखलं आणि गहिनीनाथला त्याच दिवशी घरी पाठवलं. तूप तोवर संपलं होतं.

"रोग न्हाई, बरं झालं," आप्पाराव उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले. "पर मोठेपणापायी क्षय अंगाला लावून घेणारा सोयरा आमाला झेपायचा न्हाई, पाटील." आणि ते उमापूरच्या वाटेला लागले.

चार महिन्यांनी कडूबाईचं रक्त पुन्हा तपासलं. अडतीस. डॉक्टर खूश झाले. ती बोटांकडे बघत म्हणाली, "मंग ही सरळ कावून होईनात?"

"आग किती उरली, तेवढंच आकडा सांगतो. वाकलेला सांधा तो उलगडून देत नाही."

"हे आधी सांगायचं की, डागदर. मी रोज उठून बोटं बघत हुते."



ज्वारीच्या काढणीला पाटलांनी तिला बोलावणं धाडलं. आता ते दाहाच्या आकड्यातले जाणकार झाले होते. "अडतीसच हाय म्हनं तुझा. मंग पहाटंच यायला काय झालं?"

"आकडा कागदावर हाय, पाटील," कडूबाई म्हणाली. "ज्वारी ह्या हातानं उपटावी लागती. ऊन वर आल्याबिगर ही बोटं मिटत न्हाईत."

"मंग येऊच नगस."

ती गेली नाही. शेजारच्या दगडाबाईच्या शेळ्या राखायला लागली. दगडाबाई शेळ्या सोडायची ऊन चांगलं तापल्यावर, आणि कडूबाईला तिनं आकडा कधी विचारला नाही.