आराशीतलं बदक

गंगापूर रोडच्या त्या कॉलनीत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका घरोघरी कैरीची डाळ खायला जात, पण श्यामलाकाकूंकडे जात त्या आरास बघायला. झोपाळ्यात गौर, आणि खाली जुन्या शालूनं झाकलेल्या पायऱ्यांवर काकूंनी जन्मभर जमवलेला पसारा: लाकडी बाहुल्या, शाडूचा वाणी, लेकाचा पहिला बूट, आणि ढुंढिराजकाका ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं पितळी विमान. काका गेले, विमान राहिलं. प्रत्येक वस्तूची गोष्ट होती, आणि ती ऐकल्याशिवाय पन्हं काही हातात पडत नसे.

यंदा पायऱ्या मांडताना सून यशश्रीच्या हाती एक चिनीमातीचं बदक लागलं. चोचीचा टवका उडालेलं.

"आई, हे कुठलं?"

"अगं, महाबळेश्वरचं. ह्यांनीच नाही का घेतलं?"

यशश्रीनं तो टवका पुन्हा निरखून पाहिला. हे बदक तिनं मागच्याच आठवड्यात समोरच्या तेजस्विनीच्या आराशीत पाहिलं होतं. तिच्या वारलेल्या आईची आठवण होती ती. सासूबाईंची पर्स उघडली, तर ओटीच्या भिजवलेल्या हरभऱ्यांत कुणाचा राघू, कुणाचा काचेचा हत्ती. आता ह्याला चोरी म्हणायचं? ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाची टाचणी उचलली नाही, तिची? सासूबाईंना त्या वस्तू खरोखरच आपल्या वाटत होत्या, आणि यशश्रीला भीती वाटली ती त्याचीच.

तिनं नवऱ्याला सांगितलं, तर गौरांग उसळलाच. "माझ्या आईला वेड लागलंय असं म्हणायचंय का तुला?" डॉक्टरचं नाव काढलं की मायलेकांचा सूर एकच: काही झालेलं नाही. आईवर जीव आहे म्हणून डोळे मिटून घेणारी ही मुलं! डोळे उघडे ठेवायचं काम मग सुनेच्या गळ्यात पडतं.

तिनं त्या वस्तू पिशवीत घालून आपल्या कपाटात ठेवल्या. घरचं हळदीकुंकू आटोपलं की एकेकीला गुपचूप नेऊन द्यायच्या, असं ठरवलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. यशश्री आत पन्हं ओतत होती, तेवढ्यात बाहेर सासूबाईंचा आवाज चढला. येऊन बघते तर त्यांच्या हातात तीच पिशवी.

"माझं बदक हिनं कपाटात लपवून ठेवलं होतं!" असं म्हणत त्यांनी ते गौरीपुढे मांडलंसुद्धा.

"काकू, हे माझं आहे," तेजस्विनी म्हणाली.

काकूंनी बदकाकडे पाहिलं, तेजस्विनीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरासारखा झाला.

"हिच्या कपाटात होतं गं," त्या पुटपुटल्या.

त्यात खोटं तरी काय होतं? यशश्रीचा जीव नुसता तडफडला. खरं बोलावं, तर उद्यापासून सासूबाई दारात दिसल्या की ह्याच बायका शोकेसला कुलूप लावणार.

"मीच आणलं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

तेजस्विनीनं बदक उचलून पदराखाली घेतलं. "मागितलं असतंस तर दिलं असतं गं," एवढंच बोलली आणि पन्हं न घेताच गेली. मागोमाग राघूवाली, हत्तीवालीही आपापली वस्तू घेऊन निघाल्या. यशश्री ओट्याला टेकून रडली. शरम होतीच, पण राग त्याहून जास्त होता.

संध्याकाळी गौरांग आला, तेव्हा त्याला जिन्यातच सगळं कळलं होतं. "यशश्री, तू?" त्यानं विचारलं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्याचीच नजर खाली गेली.

"तिला रागावू नकोस रे," सासूबाई मध्ये पडल्या. "होतं एखाद्याला असं. चांगल्या डॉक्टरला दाखवू या."

यशश्रीनं डोळे पुसले. "जाऊ या, आई. पण मला एकटीला भीती वाटते. तुम्ही याल बरोबर?"

"येईन की," म्हणत सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "अशा वेळी तुला एकटीला कशी सोडीन?"