संदर्भासाठी रत्नाबाई

जर्मनीहून शिकायला आलेली हाना माले गावात रत्नाबाईंकडे भाड्याने राहत होती. विद्यापीठात एक जादा विषय घ्यायचा होता, तिने 'ग्रामीण जीवन' निवडला.

"हितंच ऱ्हातीस, मग त्यो इषय कशाला?" रत्नाबाईंनी विचारलं.

"गुण मिळतात, आजी," हाना मोडक्या मराठीत म्हणाली.

वर्ग एसीच्या खोलीत भरायचा. पुण्याहून गाडीने येणारे सर सांगायचे की खेड्यातल्या बायकांना घरात कुणी विचारत नाही. हानाने प्रकल्पात लिहिलं, की रत्नाबाईंनी मुलांना न विचारता ट्रॅक्टर बदलला, भाड्याच्या खोल्या बांधल्या आणि तक्रार घेऊन आलेल्या सरपंचाला दारातूनच परत पाठवलं. सरांनी शेरा मारला, "कल्पनारंजन. संदर्भ कुठे आहे?"

हानाने शेऱ्याचा अर्थ समजावला, तशा रत्नाबाई भडकल्या. दुसऱ्या दिवशी त्या एसटीने थेट वर्गात पोचल्या.

"मी संदर्भ हाय," त्या म्हणाल्या. "इचारा काय इचारायचं त्ये."

सर गडबडले. त्यांनी तिथल्या तिथे हानाचे गुण वाढवले. मग रत्नाबाईंना उभं करून त्यांचा फोटो काढला आणि पुढच्या तासाला पडद्यावर दाखवला. खाली लिहिलं होतं, 'अबला ग्रामीण स्त्री'.